बिनखाड्याचं दुकान

पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. शैलाकाकूस,
देवव्रतचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचायला तू तयार नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो आहे. सलग पानभर हाताने लिहून किती वर्षं झाली कोण जाणे. अक्षराला हसू नकोस. मागच्या दिवाळीत आणलेलं कानाचं यंत्र कानात आहे की कपाटात, तेही खरं खरं कळव.

पत्राला कारण आहे. माझी कंपनी कपड्यांची मोठमोठी दुकानं चालवते हे तुला ठाऊकच आहे. आता खालापूरला टोलनाक्याजवळ एक नवं दुकान निघतंय. तिथे माणसं किती लागतील, त्यांना पगार काय द्यावा, याचा अंदाज मी करून द्यायचा आहे. आमच्या साहेबांना नुसता आजचा आकडा नकोय. गेल्या तीस-चाळीस वर्षांत दुकानदाराला माणूस ठेवायचा खर्च कसा वाढत गेला आणि पुढे तो कुठवर जाईल, असं सगळं हवंय. सरकारी तक्ते माझ्याकडे आहेत. पण कर्जतच्या बाजारातलं एक कापडाचं दुकान कसं चालतं, ते त्या तक्त्यांत कुठे दिसणार?

म्हणून तुझी आठवण झाली. आजोबांनी घातलेलं दुकान, मग काकांनी चालवलेलं, आणि काका गेल्यापासून तू एकटीने सांभाळलेलं. मी दर मे महिन्यात यायचो, ताग्यांच्या ढिगावर झोपायचो, आणि सहदेव मला त्या लाकडी शिडीवर, तुम्ही जिला घोडा म्हणता तिच्यावर, बसवायचा. पण सहदेवला पगार किती मिळतो हा प्रश्न तेव्हा कधी डोक्यात आला नाही. आज पगार मिळतो तोच प्रश्न विचारण्याचा.

तर सवडीने लिही. माणसं किती होती, काय द्यायचात, आणि खाडे किती व्हायचे. खाड्यांचं विसरू नकोस. मोठ्या दुकानांत माणूस पगारापेक्षा गैरहजेरीने जास्त महाग पडतो.

तुझा,
देवव्रत


कर्जत
२० जानेवारी २०२५

चि. देवव्रत,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, पण कोंबडी आता शिकलीसवरलेली दिसते. यंत्र कपाटात आहे. कानात घातलं की पंख्याचा, रिक्षाचा, समोरच्या गिरणीचा आवाज येतो, गिऱ्हाइकाचा तेवढा येत नाही.

आता तुझा प्रश्न. सहदेव कामाला लागला तेव्हा मी नवी सून होते. त्याला महिना दीडशे रुपये, दोन वेळचं जेवण आमच्याकडे आणि दिवाळीला कपडे. तेव्हा दुकानात पाच जण होते. गिऱ्हाईक आलं की एक जण गादीवर बसवायचा, दुसरा पाणी आणायचा, तिसरा तागा उलगडायचा, चौथा त्याच्या मागोमाग घडी घालत जायचा. पाचवा काय करायचा ते मला आजवर कळलेलं नाही, बहुतेक तुझ्या आजोबांच्या हो ला हो म्हणायचा. माणूस स्वस्त होता म्हणून पाच होते. आज पाच ठेवायचे म्हटले तर दुकानाबरोबर मलाही विकावं लागेल.

मग इकडे फार्महाउसवाले आले आणि आमचे दोघे रखवालदार झाले. झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे दुप्पट पैसे. तुझ्या काकांनी घाबरून उरलेल्यांचा पगार वाढवला. पुढे खालापूरकडे मोठा रस्ता झाला, कारखाने झाले, गोदामं झाली, आणि दर वेळी एक जण कमी होत गेला. गेलेल्याचं काम आम्ही वाटून घ्यायचो, राहिलेल्याचा पगार वाढायचा. चाळीस वर्षांची सगळी गोष्ट एवढीच आहे बघ. पूर्वी शंभर रुपयांच्या विक्रीत माणसांवर पाच-सहा रुपये जायचे. आता एकच माणूस आहे, तरी पंधराच्या घरात जातात.

शेजारचे दुकानदार याच्यावर रोज रडतात. मला काही तसं रडू येत नाही. दीडशे रुपयांत सहदेवने बहिणीचं लग्न कसं केलं असेल, याचा विचार मात्र हल्ली येतो. त्याचे आता गुडघे गेले आहेत. तो घरी बसला आणि त्याच्या जागी त्याची सून आली, अपेक्षा. कशेळ्याच्या अलीकडे त्यांचं गाव आहे, तिथून जीपने येते. बारावी झालेली, तोंडाने तिखट, हाताने चपळ. गिऱ्हाइकाने "दाखवा" म्हणायच्या आत तिला कळतं की बाईला निळ्यातलं काही नको आहे. तिला मी अकरा हजार देते. याहून जास्त दुकान देऊ शकत नाही.

आणि खाडे विचारलेस. मोठ्या अक्षरात लिहून घे. माझ्या दुकानात खाडा नाही. सहदेवचा नव्हता, अपेक्षाचाही नाही. दुकान उघडं आहे आणि माणूस आला नाही, असं इथे कधी झालेलं नाही. हे तुझ्या साहेबांना जरा ठासून सांग.

इकडे ये एकदा. पत्राने पोट भरत नाही.

शैलाकाकूचे आशीर्वाद


पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

ती. काकू,
सा. नमस्कार.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. त्या पाचव्या माणसाला सगळे खूप हसले. आमच्याकडेही तसे दोन-तीन आहेत असं साहेब म्हणाले आणि नेमके तेच दोन-तीन जण सगळ्यांत मोठ्याने हसले.

माझा अहवाल आवडला. तुझ्या दुकानाचं उदाहरण त्यात मुद्दाम घातलं. पगार दर वेळी का वाढला ते त्यावरून स्पष्ट दिसतं. खालापूरला सुरुवातीचा पगार साडेचौदा हजार ठरला, शिवाय भविष्यनिर्वाह निधी. खाड्यांबद्दलचं तुझं वाक्य तर साहेबांनी दोनदा वाचलं. इतर ठिकाणी आम्ही दहा माणसांच्या कामाला बारा ठेवतो, कारण दोघं कायम गैरहजर असतात. खालापूरला मी जादा माणसं धरली नाहीत. आसपासच्या गावांतल्या मुली खाडा करत नाहीत, असं चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो, असं लिहून दिलं. त्यामुळे खर्च बराच खाली आला आणि दुकानाला मंजुरी मिळाली.

एप्रिलपासून दुकान सुरू होईल. कर्जतला चारफाट्यावरून मुलींसाठी कंपनीची गाडी सुटणार आहे. तुला यातून त्रास होणार नाही ना, एवढंच मनात येतं. पण तुझं गिऱ्हाईक वेगळं आहे, आणि अपेक्षा तर तुझ्या घरचीच आहे.

तुझा,
देवव्रत


कर्जत
१२ एप्रिल २०२५

चि. देवव्रत,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पाय मुरगळला होता, अंगणात. आता बरा आहे.

घरची असलेली अपेक्षा तुझ्या दुकानात रुजू झाली. घाबरू नकोस, भांडण झालेलं नाही. पाडव्याच्या आधी एके दिवशी दुकान बंद करताना ती तशीच उभी राहिली. एरवी कुलूप लागायच्या आत जीपसाठी पळणारी बाई. मी म्हटलं, काय गं, काय झालं? तर म्हणाली, "काकू, रागावू नका. शेलूला एक खोली बघितली हाय. पोरीला तिकडं शाळा बरी हाय. बँकवाला म्हणतो पगाराची स्लिप दाखवा, नायतर कर्ज नाय."

मी तिला रोख पैसे देते, तेही वेळेवर. पण स्लिप कुठून आणू? तुमच्याकडे सहा महिने भरले की कायम करतात म्हणे, आणि कायम झाल्याचा कागद दाखवला की बँक कर्ज देते. तोवर खोली बयाणा देऊन धरून ठेवली आहे. सप्टेंबरअखेर सहा महिने होतात. तिच्या सासूने, धोंडूबाईने, त्या बयाण्यासाठी गळ्यातलं मोडलं. त्या बाईच्या गळ्यात दुसरं काही नव्हतं, देवव्रत.

मी म्हटलं, जा गं, विचारतेस काय. तर रडायला लागली. मग मीही रागावले. रडायचं असेल तर इथेच राहा म्हटलं, तेव्हा हसली आणि गेली.

आता दुकानात मी एकटी आहे. बरं चाललं आहे. उन्हाळ्यात गिऱ्हाईक तसंही कमी असतं, आणि लग्नाच्या खरेदीला लोक आता कल्याणला जातात. तू मनाला लावून घेऊ नकोस. फक्त तुझ्या त्या मॅनेजरला सांग, या मुलीला पाण्याच्या बाटलीसाठी परवानगी मागायला लावू नये. पहिल्याच दिवशी लावली म्हणे.

शैलाकाकू


पुणे
४ मे २०२५

ती. काकू,
सा. नमस्कार.

पत्र वाचून अपराध्यासारखं झालं. माझ्याच अहवालाने तुझं माणूस नेलं. मी इतका हिशेबी माणूस, आणि हे मला आधी दिसलं नाही. पाण्याचं मी बोललो आहे. आता परवानगी लागत नाही.

अपेक्षाबद्दल मात्र चांगलं सांगतो. पहिल्याच महिन्यात सगळ्यांत जास्त विक्री तिची झाली. मॅनेजर म्हणतो, ही मुलगी गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखते. मी त्याला म्हटलं, ती कुठे शिकली ते मला ठाऊक आहे.

काकू, आता तू दुकान मिटव आणि इकडे ये. खोली रिकामी आहे. अबोलीही रोज तेच म्हणते, आणि तुला माहीत आहे, आम्हा नवरा-बायकोचं कुठल्याही गोष्टीवर सहसा एकमत होत नाही. सत्तरीला आलेल्या बाईने एकटीने शटर वर करायचं म्हणजे काय?

तुझा,
देवव्रत


कर्जत
१४ मे २०२५

चि. देवव्रत,
आशीर्वाद.

मी अडुसष्ट वर्षांची आहे. सत्तरीला आलेली म्हणे.

शटरला तेल घातलं आहे. पुण्याला येऊन मी काय करू? तुमच्या सोफ्यावर बसून तुम्हा दोघांचं एकमत मोडेपर्यंत वाट बघू? दुकानात दिवसाला चार माणसं तरी येतात, त्यातली दोन नुसती गप्पा मारायला येतात. मला तेवढं पुरतं. अबोलीला सांग, रागाने नाही लिहिलं. करवंदं पाठवली आहेत, लोणचं घाला.

काकू


पुणे
१२ जुलै २०२५

ती. काकू,
सा. नमस्कार.

हे पत्र जरा तिरसटपणे लिहिलं जातंय, आधीच माफ कर. खालापूरच्या दुकानात चौदा मुली आहेत. या सोमवारपासून त्यांतल्या अकरा आलेल्याच नाहीत. न सांगता, एकदम. फोन केला तर उचलत नाहीत. आज शनिवारच्या गर्दीला तिघींनी काय करायचं? मॅनेजरने स्वतः बिलं केली, लोक वैतागून टोपल्या टाकून निघून गेले.

मॅनेजर बाहेरगावचा माणूस, त्याने अकरा जणींना कामावरून कमी करायची पत्रं तयार केली आहेत. त्यात अपेक्षाचंही आहे. नियमाप्रमाणे सहा महिने पूर्ण व्हायच्या आत कारण न देताही काढता येतं. २१ तारखेला, सोमवारी बैठक आहे, तिथे पत्रांवर सही होईल. मला बोलावलं आहे, कारण आमच्या मुली खाडा करत नाहीत असं मी लिहून दिलं होतं. साहेबांनी ते वाक्य माझ्यासमोर पुन्हा वाचलं. या वेळी हसायला कुणी नव्हतं.

काकू, मी तुझ्या शब्दावर लिहिलं. चाळीस वर्षांत एकही खाडा नाही, असं तूच कळवलं होतंस. मग या मुलींना झालं काय? तुझ्याकडे वेळेवर येणारी अपेक्षा आमच्याकडे अशी का वागली? जास्त पगार दिला म्हणून माणूस बेफिकीर होतो का? साहेबांचं मत आता तसंच झालंय.

देवव्रत


कर्जत
१७ जुलै २०२५

चि. देवव्रत,
अनेक आशीर्वाद.

उद्या पहाटे ओमकार, अपेक्षाचा नवरा, टेंपोत भाजी घेऊन पुण्याला निघतोय. त्याच्याच हातात हे पत्र देते आहे. टपालाने पाठवलं तर बैठक होऊन जाईल.

तुझं उत्तर एका ओळीचं आहे. भातलावणी चालू आहे.

माझ्या दुकानात खाडा नव्हता हे अगदी खरं. कारण लावणीच्या दिवसांत माझं दुकान बंदच असतं. तुझ्या आजोबांनी घालून दिलेली पद्धत आहे. जुलैत पाऊस नीट लागला, रोपं काढायला आली की सहदेव सांगायचा, आणि आम्ही आठवडाभर शटर ओढून पाटी लावायचो. 'भातलावणीसाठी दुकान बंद राहील.' पगार चालू. तू कायम मे महिन्यात यायचास, तुला ती पाटी दिसणार कशी? आणि मी ते तुला लिहिलं नाही, कारण मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. दिवाळीत दुकानात पूजा करतो हे तरी मी कुठे लिहिलं होतं?

तू म्हणशील, शेतावर मजूर लावायचे. तसं होत नाही रे. इथे सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात लावायचं, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. आपण दुसऱ्याच्या खाचरात वाकलो नाही तर आपल्या खाचरात कुणी येत नाही, आणि रोपं चार दिवस थांबली की पुढचं सगळं पीक हातचं जातं. सहदेवला गुडघे नाहीत, धोंडूबाईचं वय झालं. त्या घरातून सावडीला जाणारी एकटी अपेक्षाच आहे. ती गेली नसती तर त्यांचं शेत तसंच राहिलं असतं.

आणि न सांगता गेल्या हे खोटं आहे. अपेक्षाने जूनमध्येच विचारलं होतं. पहिले सहा महिने सुट्टी नाही, असं उत्तर मिळालं. फोन उचलत नाहीत कारण गुडघाभर चिखलात फोन घेऊन कुणी उभं राहत नाही.

आता दुसरी गोष्ट लिहायची आहे, ती लिहायला मला वेळ लागतोय. तुझं पत्र मंगळवारी आलं. त्याच संध्याकाळी अपेक्षा दारात आली, पायाला पोटऱ्यांपर्यंत चिखल. तिच्या कानावर आलं होतं. आत ये म्हटलं तर आली नाही, फरशी घाण होईल म्हणाली. "काकू, तिकडनं काढलं तर मला परत घ्याल ना? खोली जाऊ दे. पोरीला इकडच्याच शाळंत घालीन." मी म्हटलं, उद्या सांगते.

देवव्रत, मला किती आनंद झाला तुला सांगू? पाय अंगणात मुरगळला असं तुला लिहिलं होतं. खरं तर वरच्या फळीवरची नऊवारी काढताना मी घोड्यावरून पडले होते, आणि अर्धा तास तशीच जमिनीवर बसून होते. हाक मारायला दुकानात कुणी नव्हतं. तेव्हापासून वरच्या फळ्यांवरचा माल मी 'संपला' म्हणून सांगते. अपेक्षा परत आली तर ती शिडी चढेल, गिऱ्हाईक येईल, दुपारी डबा खाताना समोर कुणीतरी असेल. आणि त्यासाठी मला काही करायचं नव्हतं. फक्त तुझ्या पत्राचं उत्तर आठ दिवस उशिरा द्यायचं होतं. दोन दिवस मी नाही दिलं.

आज सकाळी दुकानाची पाटी पुसायला घेतली. हो, लावली आहे. कामाला कुणी नाही, तरी या वर्षीही लावली, सवयीने. ती हातात घेतली आणि वाटलं, मी बसले आहे कशासाठी? धोंडूबाईचं गळ्यातलं गेलं ते काय माझ्या फळीवरच्या साड्या निघाव्यात म्हणून?

तर आता नीट ऐक. बैठकीत सांग की चूक मुलींची नाही. ती अर्धी माझी, कारण मी अर्धंच लिहिलं, आणि अर्धी तुझी, कारण तू पूर्ण विचारलं नाहीस. जास्त पगाराने कुणी बेफिकीर झालेलं नाही. माझ्या अकरा हजारांत लावणी धरलेली होती, तुमच्या साडेचौदात ती नाही, एवढंच. लावणी उरकली की सगळ्या जणी येतील. अपेक्षाला मी उद्या सांगणार आहे की परत घेणार नाही. तिला घेतलं तर तुला त्या खुर्चीत बसून भांडायला जोर येणार नाही, मी ओळखते तुला.

भांड.

तुझी,
काकू


पुणे
२७ जुलै २०२५

ती. काकू,
साष्टांग नमस्कार.

ओमकार पत्र घेऊन दारात आला तेव्हा मी ऑफिसला निघत होतो. जिन्यातच उभं राहून वाचलं. घोड्यावरून पडल्याचं वाचलं आणि पायऱ्यांवर बसलो. अर्धा तास, काकू? आणि मला पाय मुरगळला म्हणून लिहिलंस? याच्यावर मी तुझ्याशी समोर बसून भांडणार आहे, पत्रात नाही.

बैठकीत भांडलो. आधी तुझं पत्र वाचायला लागलो, पण घोड्याच्या ओळीपाशी आलो तेव्हा ते ठेवून दिलं आणि आकड्यांत बोललो. ते मला बरं जमतं. मी म्हटलं, अहवालात एक चूक आहे आणि ती माझी आहे. मी काकूंच्या दुकानातला पगार मोजला, बंद ठेवलेला आठवडा मोजला नाही. तो मोजला तर तिथला माणूस वाटतो तितका स्वस्त नव्हता, आणि म्हणूनच तो टिकला. या अकरा मुली काढल्या तर नव्या येतील त्याही आसपासच्या गावांतल्याच असतील, आणि पुढच्या जुलैत त्याही शेतातच असतील. दर वर्षी नवी माणसं शिकवायचा खर्च काढून दाखवला. मॅनेजर म्हणाला, मला लावणी म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो वाईट माणूस नाही.

पत्रं फाडली. हे दिवस बिनपगारी रजेत धरले जातील, सहा महिन्यांच्या मोजणीत खंड पडणार नाही. पुढच्या वर्षीपासून लावणीत दुसऱ्या दुकानातली माणसं तात्पुरती आणायची असंही ठरलं. पगारी रजा मी मागितली होती. ती दिली नाही. तुझ्या एकट्या दुकानाला जे परवडलं ते एवढ्या मोठ्या कंपनीला परवडत नाही म्हणतात. माझी बढती या वर्षी पुढे गेली. अबोलीला सांगितलं, तर ती म्हणाली चांगलं केलंस. पुन्हा एकमत झालं आमचं.

आता तुझं काय? मला त्या वरच्या फळ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. दिवाळीची गर्दी तू एकटी कशी काढणार? तिथे एखादं माणूस ठेव, पगार मी पाठवतो.

तुझा,
देवव्रत


कर्जत
२८ ऑक्टोबर २०२५

चि. देवव्रत,
अनेक आशीर्वाद. अबोलीलाही.

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. माणूस ठेवण्यावरून तुझ्याशी वाद घालायचा नव्हता म्हणून गप्प होते. पगार तू पाठवायचा आणि मालकीण मी, असलं दुकान मला चालवायचं नव्हतं. दिवाळीचा माल काढायचा आणि पाडव्यानंतर शटर कायमचं ओढायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अपेक्षा कायम झाल्याचा कागद घेऊन आली. आधी मला वाचायला दिला, मग सहदेवला दाखवायला नेला. मी दोनदा वाचला. बँकेचंही झालं आहे, डिसेंबरात शेलूला राहायला जातील. धोंडूबाई जायला तयार नाही, पण ते त्यांचं ते बघतील.

कागद पिशवीत घातला आणि ही बाई सरळ आत जाऊन घोड्यावर चढली. मी म्हटलं, अगं, काय करतेस? तर वरून म्हणाली, "आज माझी सुट्टी हाय. ह्या फळीवर केवढी धूळ साचलीय, काकू, लाज नाय वाटत तुमाला?" दिवसभर थांबली. 'संपलेला' सगळा माल खाली आला. संध्याकाळी मी तिच्या हातात दिवसाचे पैसे ठेवले, तर तिने ते गल्ल्यात परत टाकले आणि चक्क रागावली. "लावणीत आमच्यासाठी तुमी दुकान बंद ठेवायच्या, तवा आमी काय दिलं तुमाला? ही सावड हाय, काकू. सावडीत पैसं घेत नाय."

मला वाटलं, एका दिवसाचं आहे, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तर पायरीवर एक अनोळखी मुलगी बसलेली. जया नाव. "आज माझी सुट्टी," म्हणाली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. तुमचं दुकान आठवडाभर उघडं असतं ना, त्यामुळे रोज कुणाकुणाची तरी सुट्टी असते. त्या अकरा जणींनी आपसात वार वाटून घेतले होते. तू बैठकीत काय बोललास ते त्यांना कळलं होतं, आणि पत्र कुणी लिहिलं तेही ओमकारने सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी तर एकेका दिवशी तिघी तिघी. चाळीस वर्षांनी माझ्या दुकानात पुन्हा एकाने पाणी द्यायचं, दुसऱ्याने तागा उलगडायचा आणि तिसऱ्याने घडी घालायची, असं झालं. पाचव्याचं काम मी केलं. त्या जे म्हणतील त्याला हो म्हणत बसले.

वसुबारसेच्या संध्याकाळी गर्दी संपल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. तुला सांगायला लाज कसली?

शटर ओढलेलं नाही. दिवाळीनंतर या मुलींना मी यायची बंदी केली आहे, त्यांना आठवड्यात एकच दिवस घरासाठी मिळतो. माझा मी सकाळचा वेळ दुकान उघडते, तेवढंच पुरे. वरच्या फळ्या रिकाम्या करून माल हाताशी आणला, तोही त्यांनीच. आता घोड्यावर चढायची गरज नाही.

पण एक राहिलं आहे. सावड एका बाजूने संपत नाही, आपल्यालाही जावं लागतं. इतकी वर्षं लावणीसाठी दुकान बंद ठेवलं, पण मी एकदाही बांधावर गेले नाही. घरी बसून पापड लाटले. पुढच्या जुलैत मी सहदेवच्या शेतावर जाणार आहे. मला वाकता येणार नाही, पण रोपांच्या मुठी पोचवता येतील. अपेक्षाने पोट धरून हसून घेतलं, आणि मग कुठल्या खाचराच्या कडेला चिखल कमी असतो ते सांगितलं.

तूही ये. तुझंही देणं आहे तिथे, विसरू नकोस. मे महिन्यात येऊ नकोस, जुलैत ये. येताना रबरी बूट आण, दोन जोड. माझं माप पाच.

तुझी,
शैलाकाकू